शांततेचं गायरान

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या व्याख्यानमालेला गेलो होतो. शाळेचं पटांगण, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, व्यासपीठावर समई आणि पाण्याची बाटली. विषय होता धकाधकीच्या जीवनातली मनःशांती. वक्ते ओघवते होते, आवाजात गोडवा होता. तासभर त्यांनी एकच गोष्ट निरनिराळ्या दृष्टान्तांनी सांगितली. गोंगाट बाहेर नाही, तो तुमच्या आत आहे. फोन वाजेल, पण अस्वस्थ व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. मन आवरा, जग आपोआप शांत होईल.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. म्हणाल्या, "सर, आमच्या गटावर रात्री साडेनऊला निरोप येतो. उद्या अकराच्या आत माहिती भरा. न भरणाऱ्यांची नावं तिथेच टाकतात. मी फोन बाजूला ठेवून ध्यानाला बसले, तर सकाळी यादीत माझं नाव असतं. मी काय करू?"

वक्ते प्रसन्न हसले. "ताई, निरोप येणं तुमच्या हातात नाही. त्याचा त्रास करून घ्यायचा की नाही, हे तुमच्या हातात आहे."

टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या.

माझं भांडण त्या टाळ्यांशी आहे. वक्त्यांशी नाही. ते सांगत होते तेच हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. कंपनीतल्या तणावमुक्ती शिबिरात, सकाळच्या सुविचारांत, स्टँडवरच्या स्टॉलवर मांडलेल्या जाडजूड पुस्तकांत, सगळीकडे एकच मंत्र. अशांती हा तुमचा दोष आणि शांती ही तुमची जबाबदारी. या मंत्रात तथ्य आहे, पण अर्धंच आहे. आणि हे अर्धं तथ्य सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते गोंगाट करणाऱ्याला.

माझं म्हणणं असं, की शांतता ही एकेकट्यानं कमवायची खासगी मिळकत नाही. ती गायरानासारखी आहे. गायरान कुणा एकाचं नसतं, सगळ्या गावाची गुरं त्यावर चरतात. एक जण कडेला गोठा वाढवतो, दुसरा टपरी टाकतो, तिसरा कुंपण चार हात पुढे सरकवतो. एका दिवसात कुणाचंच फारसं बिघडत नाही. मग एके संध्याकाळी गाय उपाशी परत येते. अशा वेळी गावातल्या शहाण्यानं अतिक्रमणं मोजायला निघावं की गाईला समजवावं, की बाई, भूक ही मनात असते?

आधी प्रतिपक्षाचं जे बळकट आहे ते मान्य करतो. मन मुळातच पळणारं आहे. कुरुक्षेत्रावर मोबाईल नव्हता, तरी सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरणं. २०१० साली हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोन संशोधकांनी दोन हजारांवर माणसांना दिवसात अवेळी गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भरकटलेल्या मनाची माणसं कमी आनंदी होती. हा दाखला आमच्या वक्त्यांनीही दिला. माणसांना गाठलं कसं, ते मात्र सांगायचं राहिलं. त्यांच्या आयफोनवर एक ॲप होतं, ते मध्येच वाजायचं आणि प्रश्न विचारायचं. मन कुठे पळतं हे शोधायलासुद्धा त्याला मध्येच हटकावं लागलं, एवढं हटकणं आता सहज झालं आहे.

तर मन पळतं, हे कबूल. पण वासरू उनाड आहे म्हणून कुंपण काढून टाकायचं, हा कुठला न्याय? वासराला वळण लावायचंच. पण रस्त्यावर उभं राहून जो त्याला रोज हिरवा चारा दाखवतो, त्यालाही हटकायला हवं की नको?

'मन आवरा' सांगणाऱ्या मंडळींचा लाडका आधार म्हणजे परंपरा. गीता, संत, तपस्वी. चला, त्यांच्याच घरात जाऊन पाहू. अर्जुनाच्या तक्रारीला श्रीकृष्ण अभ्यास आणि वैराग्य असं उत्तर देतात, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच अध्यायात त्याआधी काय सांगितलंय? जागा स्वच्छ निवडावी, आसन स्थिर असावं, फार उंच नको, फार खाली नको, त्यावर काय अंथरायचं तेही. पुढे आहार आणि झोप किती, याचंही माप आहे. मनाची तक्रार निघण्याआधी जागा ठरली. भगवंताला जी गोष्ट आधी सांगावीशी वाटली, ती आमचे प्रवचनकार वगळतात, कारण जागेचा प्रश्न आला की ती कुणी व्यापली आहे, हा प्रश्न येतो.

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. देहूतच बसून मन आवरलं असतं, तर चढण कशाला चढले असते? लोकमान्यांनी गीतारहस्य लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, काही महिन्यांत. हा दाखला नेहमी मनोनिग्रहाचा म्हणून दिला जातो. निग्रह होताच. पण ज्या माणसाच्या दारात पुण्यात सकाळपासून माणसांची रीघ असे, त्याच्या दाराला सरकारनं बाहेरून कुलूप घातलं होतं, हेही खरं. तुरुंगाची भलामण करायची नाही. एवढंच दाखवायचं, की एकाग्रतेच्या थोर गोष्टींत माणसाबरोबर एक बंद दारही असतं, आणि गोष्ट सांगताना आपण ते दार गाळतो.

मग जनाबाई? दळिता कांडिता नाम घेणारी जनी? कामाच्या रगाड्यात शांती सापडते याचा याहून मोठा पुरावा कोणता, असं विचारतील. पुरावा मोठाच आहे, पण तो माझ्या बाजूनं साक्ष देतो. जात्याचं काम जड होतं, पण एकच होतं. खुंटा धरला की हात फिरत राहतो, पीठ पडत राहतं, त्या घरघरीला स्वतःची लय असते आणि त्या लयीवर ओवी बसते. जातं मध्येच थांबून म्हणत नव्हतं, की जने, शेजारणीनं काय दळलं ते बघ. जात्याला जनीच्या डोळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्या हातातलं यंत्र मात्र आपले डोळे विकूनच पोट भरतं. कष्ट आणि व्यत्यय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टात शांती सापडू शकते. व्यत्ययात ती मांडीच घालू शकत नाही.

मनावर थेट काम करणारी आपल्याकडची सर्वांत गाजलेली शाळा इगतपुरीला आहे. सत्यनारायण गोएंकांच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. त्यांची शिकवण अंतर्मुख होण्याचीच. पण तिथे गेल्यावर पहिल्या संध्याकाळी काय होतं, हे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. फोन जमा करावा लागतो. पुस्तक, वही, पेन, सगळं बाजूला. मौन सुरू होतं. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. जेवणाची चिंता नाही, ते दुसरे कुणी रांधतात. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं. म्हणजे दहा दिवस तुमच्या आतलं काम व्हावं म्हणून बाहेरचं सगळं काम दुसरी माणसं करतात. गोएंका गुरुजींच्या संस्थेला जे पक्कं कळलं होतं, ते आमच्या व्याख्यात्यांना का कळू नये? साधक फाटकातून बाहेर पडला, फोन परत हातात घेतला आणि आठवड्यात पहिल्यासारखा झाला, तर आपण म्हणतो, त्याची साधना कच्ची पडली. फाटकाची आठवण कुणाला येत नाही.

आता दुसरा युक्तिवाद. फोन हे नुसतं साधन आहे, सुरीसारखं. भाजी चिरायची की बोट कापून घ्यायचं, हे वापरणारा ठरवतो. ऐकायला ठीक वाटतं. पण सुरी रात्री अकराला उशाशी थरथरत नाही. "तुमच्या भावजयीनं काल कोथिंबीर चिरली, बघा" असं सांगत नाही. सुरी बनवणाऱ्याचा नफा तुम्ही ती किती तास हातात धरता यावर ठरत नाही.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं, की माहितीची रेलचेल होते तिथे लक्षाचा दुष्काळ पडतो. त्या दुष्काळाचा पुढे धंदा झाला. पूर्वी माहितीची कुठलीही गोष्ट संपत असे. आकाशवाणीची सभा संपायची, निवेदक तसं सांगायचा आणि रेडिओ बंद व्हायचा. वर्तमानपत्राचं शेवटचं पान यायचं. दिवाळी अंक कितीही जाड असला तरी तुळशीच्या लग्नापर्यंत उरकायचा. शेवट आला की माणूस मान वर करायचा, खिडकीबाहेर बघायचा. २००६ साली आझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञानं पडद्यावरचा तो शेवटच काढून टाकला. बोट फिरवत राहा, पान संपणारच नाही. पुढे त्यानंच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले, आमची स्पर्धा झोपेशी आहे. करणारे एवढ्या मोकळेपणानं सांगताहेत, की आम्ही शेवट काढला, आम्हाला तुमची झोप हवी आहे. आणि आम्ही आपल्याच पोराला सांगतो, की तुझा मनोनिग्रह कमी पडतो.

यात एक जुनी युक्ती आहे. बी. एफ. स्किनरनं कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं, की दाणा दर वेळी मिळाला तर पक्षी भूक भागली की थांबतो. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं तर तो चोच मारतच राहतो. जुगाराच्या यंत्राचं तत्त्व हेच. पडदा खाली ओढून 'काही नवं आलं का' बघण्याचंही हेच. जत्रेतल्या जुगाराच्या पालात घर गमावलेल्या माणसाला आपण व्यसनी म्हणतो हे खरं, पण पाल टाकणाऱ्यावर पोलीस केस करतात, हेही खरं. इथे पाल प्रत्येकाच्या खिशात आहे आणि केस फक्त खेळणाऱ्यावर.

मग व्यत्ययाचं नुकसान कुणाच्या खात्यात पडतं? ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काम करणाऱ्यांना मुद्दाम मध्येमध्ये अडवलं. वाटलं होतं, काम लांबेल. झालं उलटंच. अडवलेल्या माणसांनी काम अधिक वेगानं उरकलं, पण ताण, चिडचिड आणि घाई वाढली. हा निष्कर्ष नीट वाचा. साहेबाच्या टेबलावर काम वेळेत पोचलं, म्हणून साहेबाला व्यत्यय दिसतच नाही. दिसतो तो घरच्यांना, रात्री, ताटावर बसल्यावर. आमच्या ताईंची माहिती अकराच्या आत भरली जाते. तिची किंमत कुठल्याच रकान्यात भरायची सोय नसते.

आणि 'सकाळी फक्त दहा मिनिटं स्वतःला द्या' हा सल्ला कुणाला दिला जातो, तेही बघू. सकाळी सात ते आठ या वेळात घरातली बाई डोळे मिटून बसली, तर कुकर कोण बंद करणार? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. यांतली दहा मिनिटं मोकळी करण्याचा मार्ग श्वासावर लक्ष ठेवणं नसून दुसऱ्या कुणीतरी कणीक मळणं हा आहे. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराला 'सूचना बंद ठेवा' म्हणून बघा. त्याच्यासाठी ती टिंग म्हणजे पुढची खेप. ती चुकली की दिवसाचा हिशेब चुकला. म्हणजे हा उपदेश ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या माथी वर अपराधाची भावना मारतो. आधी झोप गेली, मग झोप गेल्याची लाज आली.

बाजारानं ही लाजही ओळखली. शांतीची ॲप निघाली, वर्गणी घेऊ लागली आणि दुपारी सूचना पाठवू लागली, की दोन मिनिटं थांबा, श्वास घ्या. ज्या खिडकीतून चोर येतो त्याच खिडकीतून पहारेकरीही येतो आणि पगार मागतो. कंपन्यांना हे फार आवडलं. माणसांची संख्या वाढवण्यापेक्षा ध्यानाचा तास ठेवणं स्वस्त पडतं. रोनाल्ड पर्सर या अमेरिकी प्राध्यापकानं २०१९ मध्ये या प्रकारावर 'मॅकमाइंडफुलनेस' नावाचं पुस्तकच लिहिलं. ध्यानाचं बर्गर. पोट भरल्यासारखं वाटतं, आणि भूक कुणी लावली हे विचारायची वेळ येत नाही.

एवढं खोडून काढलं, आता मांडायचं काय? मांडायला आपल्याकडेच आहे, सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट ठरवली. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली, फोन मुलांच्या हातात राहिला आणि अभ्यास गेला, ही घरोघरची रड होती. गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल. मग दीड तास टीव्ही बंद, फोन बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे करायचं ते करावं. सुरुवातीला काही जणांनी हसण्यावारी नेलं. पण भोंगा रोज वाजत राहिला.

या गावात कुणी थोर साधक झाला नाही. मन आवरण्याचा वर्गही निघाला नाही. तरी पोरं वही घेऊन बसली आणि माणसं एकमेकांशी बोलली. असं का व्हावं? कारण एकट्यानं फोन बंद ठेवला, तर तो मागे पडतो. गटावरचं बोलणं चुकतं, कुणी रागावतं, मुलाला वाटतं आपल्यालाच शिक्षा. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला, तर चुकायला काही उरतच नाही. एकट्याला जो निग्रह दगडासारखा जड, तो गावाला एका भोंग्याइतका हलका झाला. आमच्या एकादशीचं गणित हेच होतं. घरात कुणी एकट्यानं उपास धरला, तर चुलीवरचा वास त्याला छळतो. चूलच भगरीची असली, तर छळायला कुणी नसतं.

वारीत याहून सुंदर गोष्ट आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला पोचते, दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतात आणि क्षणात सगळं गप्प होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी गप्प बसत नाही. ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, मग ते टाळही थांबतात. हरवल्या-सापडल्याचं सांगितलं जातं. आणि मग समाजआरती होते. शांततेची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. जिची तक्रार ऐकली जाते, ती दिंडी गप्प होते. आमच्या व्याख्यानात उलट झालं. मागच्या रांगेत एक टाळ वाजत होता आणि आम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या.

इथे आक्षेप येईल, की ही तर सक्ती झाली, गावकीचा जुना जाच. आक्षेप खोटा नाही. गाव एकत्र येऊन वाईटही ठरवू शकतं, याचे दाखले कमी नाहीत. म्हणून दोन कसोट्या लावाव्यात. नियम सगळ्यांना सारखा आहे का? आणि त्याला शेवट आहे का? यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्येच अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच होता. पण बाप ओट्यावर बसून बोट फिरवणार आणि पोराला बंदी, यातून पोरगं शांती शिकत नाही, मोठं व्हायची वाट पाहायला शिकतं. वडगावचा भोंगा बापालाही लागू आहे आणि साडेआठला संपतो. म्हणून मला तो जवळचा वाटतो.

दुसरा आक्षेप, कायद्यानं शांती मिळते का? नाही मिळत. कायदा झोप देत नाही, रात्र देतो. झोपायचं काम आपलंच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये गोंगाटापासून मुक्त जगणं हे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ च्या जानेवारीत सांगितलं, की ध्वनिवर्धक हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. हे नियम डीजेच्या भिंतीपुढे किती वेळा मोडतात, ते आपण दर गणपतीत आणि दर जयंतीत बघतोच. पण मोडण्यासाठी आधी नियम असावा लागतो. नियम होता म्हणूनच न्यायालयात जाता आलं. 'आपापलं मन आवरा' एवढंच असतं, तर हृदयविकाराच्या रुग्णाला कुणाच्या विरुद्ध दाद मागता आली असती? स्वतःच्या?

कानाला जे मिळालं, ते लक्षालाही मिळायला हवं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क कसा आणि किती, यावर कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये असा हक्क दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत याच आशयाचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते कायदा झालं नाही. पण कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. शाळेच्या गटानं ठरवावं, संध्याकाळी सातनंतर निरोप नाही, तातडीचं असेल तर फोन करा. सोसायटीनं ठरवावं. घरानं ठरवावं, आणि ठरवताना कणीक कोण मळणार तेही ठरवावं.

म्हणजे ध्यान करू नका, असं मी म्हणतोय का? जरूर करा. मीही करतो, बेताचंच. गायरान मोकळं झालं म्हणून गाय आपोआप धष्टपुष्ट होत नाही, तिला चरावं लागतंच. पण ज्यांनी कुरण व्यापलंय त्यांना एक शब्द न बोलता गाईला रवंथ करायचे फायदे सांगणं, याला मी अध्यात्म म्हणणार नाही. ती अतिक्रमणाची वकिली आहे, फक्त आवाज मृदू आहे.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. टाळ्या थांबल्यावर वक्ते समारोपाकडे वळले. रंगले होते. दहाला पाच कमी असताना संयोजकांनी पुढे येऊन एक चिठ्ठी सरकवली. वक्त्यांनी ती वाचली, किंचित नाराज झाले, म्हणाले, "नियमाप्रमाणे ध्वनिवर्धक बंद करावा लागतोय, तेव्हा इथेच थांबतो." खटका पडला. कर्णे गप्प झाले आणि पटांगणावर एकदम शांतता उतरली. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. त्या इमारतीतल्या एकानंही त्या रात्री आपलं मन आवरलं नव्हतं. ती शांतता २००० सालच्या एका नियमानं आणि एका चिठ्ठीनं दिली होती.

लोक खुर्च्या आवरायला लागले. मागच्या रांगेत, अर्धवट अंधारात, एक चौकोनी उजेड पेटला. ताईंचा फोन. त्या उभ्याउभ्याच काहीतरी भरत होत्या. त्या गटावर चिठ्ठी सरकवायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.